डोळा गळत होता, आक्का रडत नव्हती

आक्का,

तेराव्याच्या पत्रिकेतली एक ओळ मी खोडली, ते तुला सांगायचं आहे.

मजकूर दाजींच्या चुलतभावानं लिहून आणला होता. त्यानं तो दोनदा वाचून दाखवला, इतका तो त्याला आवडला होता. ‘सोशिक, शांत, जन्मभर जिच्या डोळ्यांतलं पाणी खळलं नाही अशी आमची वहिनी.’ मी त्याच्या हातातून कागद घेतला, पिशवीतलं शाळेचं लाल पेन काढलं आणि ती ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडली.

“वैनी, कावून खोडलं? चांगलंच लिवलंय की.”

“खोटं हाय म्हणून.”

“आता ह्ये काय. समद्या गावानं बघितलंय त्यांच्या डोळ्याचं पाणी.”

“पाणी बघितलं. ते कशाचं हाय, ते कुणी इचारलं न्हाई.”

पत्रिका त्या ओळीविना छापून आली. पण बायकांच्या तोंडातली ओळ कशी खोडायची? तुला घरातून नेलं त्या दिवसापासून ओसरीवर तेच चाललं होतं. बिचारीनं लई सोसलं. कवा बी बघा, डोळ्याला पदर. कुणी म्हणालं, मूलबाळ नव्हतं म्हणून झुरली. कुणी म्हणालं, सासू खाष्ट. एकीनं तर दाजींकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. दाजी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि मान आणखी खाली घातली. ज्या माणसानं उभ्या संसारात तुझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही, तो तुझ्याच मातीला आलेल्या बायकांच्या नजरेत गुन्हेगार होऊन बसला होता.

म्हणून मी लिहायला बसले. मला रडतकढत लिहायचं नाही. मला भांडायचं आहे, तुझ्या बाजूनं. आणि थोडं तुझ्याशीही.

तुझा डावा डोळा गळायचा. फक्त डावा. ज्यांनी तुला रडकी ठरवलं, त्यांच्यातल्या एकीलाही प्रश्न पडला नाही की माणूस एकाच डोळ्यानं कसं रडेल. मूल नसल्याचं दुःख तुला होतं, ते मला माहीत आहे. माझ्या पोरांना तू न्हाऊ घालायचीस तेव्हा तुझ्या हातांत ते मला दिसायचं. पण ते दुःख उजवा डोळा कोरडा ठेवून डाव्यातून वाहिलं असतं का? आणि ऑपरेशननंतरची एवढी वर्षं तुझा डोळा खडखडीत कोरडा होता, ती वर्षं कुणाच्या लक्षातच नाहीत. लोकांना तुझं रडणं लक्षात ठेवायचं होतं. त्यांना ते सोयीचं होतं.

आपण वडवणीच्या दोघी बहिणी एकाच घरात आलो. तू आधी, थोरल्याला. सहा वर्षांनी मी, धाकट्याला. “थोरली हाय तिथं, धाकटीला सासर वाटायचं न्हाई,” असं आबा म्हणाले आणि ते खरं ठरलं. मी शिरूरला आले तेव्हा आपल्या घरच्या बांगड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक दाजींना काही विचारतच नव्हतं, सगळं तुला. हात बघून तू माप सांगायचीस. अंगठ्याच्या मुळाशी दाबत दाबत पंजा असा मऊ करायचीस की कवळ्या पोरीच्या हातातही काच न टिचता चढायची. लहान मुली इतर ठिकाणी बांगड्या भरताना भोकाड पसरायच्या, तुझ्यापुढं गप्पा मारत बसायच्या. चौथी शिकलेली तू. मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, तर गिऱ्हाइकाला बांगड्या भरता भरता तू सांगायचीस, “माजी भन मास्तरीण हाय.” माझी शाळा सकाळची असली की माझ्या पोरांचं उठणं, आंघोळी, डबे सगळं तुझ्याकडं. मी कधी विचारलं नाही आणि तू कधी बोलून दाखवलं नाहीस.

माझा धाकटा रांगायला लागला त्या वर्षी तुझा डोळा गळायला लागला. आधी वाटलं चुलीचा धूर. मग वाटलं वाऱ्याचा त्रास. आपल्या सासूनं, आत्यांनी, काजळ घातलं, एरंडाच्या तेलाचं बोट फिरवलं, कुणाकडून तरी पाल्याचा रस आणला. डोळा लाल झाला आणि गळायचा तसाच गळत राहिला. पुढं डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या लगत, वाटाण्याएवढी गाठ दिसायला लागली. ती दाबली की डोळ्यात पू यायचा. तू सकाळी तोंड धुताना ती दाबून मोकळी करायचीस आणि दुकानात जायचीस. दुपारपर्यंत पुन्हा भरायची.

त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं ते लग्न. शिरूरपासून दोन कोसांवर त्या पुढाऱ्यांचं घर. अंगणात जीप, गच्चीवर नवीनच आलेली टीव्हीची मोठी थाळी, आलेल्या पाहुण्याला थंड बाटली. नवरीला हिरवा चुडा भरायला तुला बोलावणं होतं. माझ्या शाळेला सुटी होती म्हणून दुसरी टोपली घेऊन मी आले होते. तू नवरीपुढं बसलीस, हात हातात घेतलास, चार बांगड्या चढवल्या. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तू डोळा खांद्याला पुसायला गेलीस. त्याआधीच एक थेंब नवरीच्या मनगटावर पडला.

नवरीची चुलती शेजारी उभी होती. घरातले सगळे तिला थोरल्या बाई म्हणत.

“ऊठ गं,” ती म्हणाली. “पोरीच्या हातावर पाणी गाळलंस. शुभ कामाला रडकी बाई कुणी बोलावली?”

“रडत न्हाई बाई मी,” तू म्हणालीस. “डोळा गळतोय नुसता.”

“गळू दे न्हाईतर वाहू दे. आमच्या पोरीच्या चुड्याला नको.”

त्या चार बांगड्या तिनं उतरवायला लावल्या. तुझ्याच हातांनी. तू एकेक काढून टोपलीत ठेवलीस, एकही टिचू दिली नाहीस. अंगणात वीसएक बायका होत्या. कुणी काही बोललं नाही.

मीही बोलले नाही. रोज चाळीस मुलांपुढं उभी राहून बोलणारी मी, टोपलीवरचं फडकं नीट करत बसले.

फाट्यावर एस्टीची वाट बघत आपण बसलो होतो. मला वाटलं आता तू खरंच रडशील. तू पदरानं डोळा पुसलास. मग म्हणालीस, “सुशे, एक सांग. पानी तर समद्यांच्याच डोळ्यात असंल. न्हाईतर डोळा सुकून जाईल. मग त्यांचं कुठं जातंय?”

मी पाचवीला विज्ञान शिकवत होते. शरीराचे अवयव हा धडा मला पाठ होता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं.

“ठाऊक न्हाई, आक्का.”

“मग ज्याला ठाऊक हाय त्याला इचारू.”

त्या दिवशी तुझ्या जागी मी असते तर घरी जाऊन दार लावून घेतलं असतं. तू एवढा अपमान गिळलास आणि बाहेर काढलास तो एक प्रश्न.

बीडच्या एका डॉक्टरांकडं आपण गेलो. माणूस भला होता. त्यांनी गाठ दाबून बघितली आणि सांगितलं, आतली पिशवी खराब झाली आहे, काढून टाकू, लहान ऑपरेशन आहे.

“मग पानी थांबंल?” तू विचारलंस.

“पू थांबेल. पाणी येत राहील. पण आता या वयात तेवढं चालतं.”

चौतिशीतली होतीस तू.

“मला चालत न्हाई,” तू म्हणालीस.

त्यांनी तुझ्याकडं नीट बघितलं ते तेव्हा. मग म्हणाले, दुसरंही एक ऑपरेशन असतं, पण ते मोठं, हाड कापावं लागतं, वेळ लागतो, अंबाजोगाईला होईल. चिठ्ठी लिहून दिली. घरी आल्यावर आत्यांनी आकाशपाताळ एक केलं. सवाष्णीच्या नाकाचं हाड कापायचं म्हणजे काय, आणि नथ कुठं घालशील?

“नथ खाली असती, आत्या. हाड वर असतंय,” तू भाकरी थापता थापता म्हणालीस.

आत्या दाजींकडं वळल्या. दाजी जेवत होते. हातातला घास खाली ठेवून ते म्हणाले, “डोळा तिचा हाय. तिला ठरवू द्या.” आणि पुन्हा जेवायला लागले. ओसरीवरच्या त्या बायकांना हे सांगायला हवं होतं. आता सांगते आहे.

अंबाजोगाईची ती शिकाऊ डॉक्टरीणबाई तुला आठवते? असेल पंचवीस-सव्वीसची. बाहेर रांग लागलेली, तरी तिनं तुझा प्रश्न ऐकून घेतला. तुला खुर्चीत बसवून डोळ्यात बधिर करायचा थेंब टाकला आणि तुझ्या हातात आरसा दिला. खालची पापणी किंचित बाहेर ओढून म्हणाली, नाकाकडच्या टोकाला बघा, पापणीच्या कडेवर बारीक ठिपका दिसतो का? तू आरसा जवळ नेलास, लांब नेलास. मग तुला ते दिसलं. सुईच्या टोकाएवढं भोक. वरच्या पापणीला एक, खालच्या पापणीला एक.

“ह्ये माज्याच डोळ्याला हाय का समद्यांच्या?”

“सगळ्यांच्या.”

तू लगेच माझी पापणी ओढून बघितलीस. माझ्याही डोळ्याला होतं. इतकी वर्षं आरशात बघून कुंकू लावलं, कधी दिसलं नव्हतं.

मग तिनं एका कोऱ्या कागदावर चित्र काढलं. भुवईच्या खाली, बाहेरच्या बाजूला, पाणी तयार करणारी गाठ. तिथून पाणी थोडं थोडं येत राहतं. आपण पापणी मिटतो तेव्हा ते डोळाभर पसरतं आणि आतल्या कोपऱ्याकडं ढकललं जातं. तिथं ती दोन भोकं ते ओढून घेतात. भोकांच्या मागं केसासारख्या दोन नळ्या, त्या पुढं एक होऊन पिशवीत उघडतात. पिशवी नाकाच्या बाजूला, हाडाच्या खळगीत बसलेली. पिशवीखाली आणखी एक नळी, हाडातून उतरत थेट नाकात. प्रत्येक वेळी पापणी लवली की ती पिशवी किंचित दबते, सुटते, आणि पाणी पुढं सरकतं. दिवसभर हे चालू असतं आणि माणसाला पत्ताही नसतो.

“म्हंजे रडल्यावर नाक गळतं ते...”

“ते बरंचसं हेच पाणी.”

तू त्या गर्दीत मोठ्यानं हसलीस. “आन मी समजत हुते शेंबूड येतोय.”

डॉक्टरीणबाईही हसली. मग तिनं बोथट टोकाची बारीक सुई खालच्या भोकात घातली आणि मिठाचं पाणी सोडलं. पाणी घशात उतरायला हवं होतं. ते वरच्या भोकातून उलटं फिरून बाहेर आलं, पुवासकट. “खालची नळी पूर्ण बंद आहे,” ती म्हणाली. “पाणी साचतं, साचलेलं सडतं, उरलेलं गालावर येतं. तुम्ही कितीही पुसलंत तरी.”

“म्हंजे माजी मोरी तुंबली.”

“अगदी बरोबर. ती जुनी मोरी मोकळी होत नाही. आम्ही पिशवीच्या बाजूचं हाड थोडं काढतो आणि पिशवीतून नाकात थेट नवी वाट करतो.”

“मग करा की. थांबलाय कशाला?”

तू ज्या पाण्यापायी अंगणातून उठवली गेलीस, ते सगळ्यांच्याच डोळ्यात होतं. थोरल्या बाईच्याही. तिचं नाकातून उतरत होतं, तुझं गालावरून. फरक तेवढाच. परत येताना एस्टीत तू हे मला तीन वेळा सांगितलंस, आणि तिसऱ्या वेळी पुढच्या बाकावरच्या बाईलाही.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सनं कागद पुढं केला आणि विचारलं, मालक कुठं आहेत, सही लागेल. दाजी दुकानावर होते. तू कागद ओढून घेतलास. “डोळा माजा हाय. सही मी करते.” तिनं डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टरांनी मान हलवली. एकेक अक्षर सावकाश काढून तू पूर्ण नाव लिहिलंस. माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे, पण इतक्या ठामपणे मी कुठंच सही केलेली नाही.

भूल फक्त त्या जागेपुरती होती. तू जागी होतीस. दीड तास मी बाहेर बाकावर बसून होते. नंतर तू सांगितलंस की हाड तोडताना डोक्यात ऊस मोडल्यासारखा आवाज येत होता आणि घशात रक्ताची चव उतरत होती. आणि तू मध्येच विचारलंस, “वाट पडली का?” मोठे डॉक्टर म्हणाले, बोलू नका. थोड्या वेळानं त्यांनीच सांगितलं, पडली. दोन दिवस तुझ्या नाकात बोळा होता, डोळ्याभोवती काळंनिळं झालं होतं. वॉर्डातल्या बायका विचारायच्या, मालकानं मारलं का गं? तू त्यांना चित्र काढून दाखवायचीस.

टाके काढल्यावर डॉक्टरीणबाईनं पुन्हा ती बोथट सुई घातली, पाणी सोडलं. मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. तू एकदम आवंढा गिळलास.

“कुठं आलं पाणी?”

“घशात,” तू म्हणालीस. “खारट हाय.” आणि मग, “आजून एकदा घाला की.”

तिनं घातलं. तू पुन्हा गिळलंस. एवढ्या आनंदानं मिठाचं पाणी पिणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

त्या डॉक्टरीणबाईनं वॉर्डात एका बाळंतिणीला शिकवलेलं तू उभी राहून बघितलं होतंस. तान्ह्या मुलांची ती खालची नळी कधी कधी जन्मताना उघडलेली नसते. डोळा गळतो, चिकटतो. नखं कापून, हात धुऊन, डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेनं खाली बोट दाबत न्यायचं, दिवसातून चार-पाच वेळा. बहुतेकांची नळी वर्षाच्या आत आपोआप उघडते. नाही उघडली, किंवा गाठ लाल होऊन ताप आला, तर दवाखाना. डॉक्टरीणबाईनं कागदावर काढलेलं ते चित्र तू चौकटीत घालून दुकानात लावलंस. नव्या फॅशनच्या बांगड्यांचे डबे मुंबईहून यायला लागले होते, रंगीत, चकचकीत, त्यांच्या बरोबर मधे ते पेनानं काढलेलं चित्र. गिऱ्हाईक विचारायचं, ह्ये काय? आणि तुझं सुरू व्हायचं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायका जाण्याआधी बांगड्या भरायला येत. त्यांच्या कडेवरच्या मुलांचे डोळे तू एकेक करून बघायचीस. एकदा एका आजीबाईनं तुला धारेवर धरलं, आमच्या सात पिढ्यांनी काजळ घातलं, तू कोण मोठी डाक्टर? तू तिच्या नातीच्या हातात बांगडी सरकवत म्हणालीस, “मी डाक्टर न्हाई. माजा डोळा गळत हुता. तुमी घातलेलं काजळ माज्याबी डोळ्यात हुतं.” आजीबाई पुटपुटत गेली. तिची सून मात्र दुसऱ्या दिवशी एकटी आली.

आता आपलं भांडण.

ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती. त्या मोठ्या घरची जीप दुकानापुढं थांबली. धाकट्या मुलीचा चुडा होता. ड्रायव्हरनं निरोप सांगितला, बाईंनी टोपली घेऊन बोलावलंय. तू हातातलं काम थांबवलं नाहीस. “दुकान सकाळी उघडतंय. पोरीला हितं घेऊन या म्हणावं.”

मी तुला आत बोलावून समजावलं. पोरीचा काय दोष? लग्नघरातल्या नवरीनं दुकानात येऊन बसायचं?

“पोरीचा दोष न्हाईच. म्हणून तर ये म्हणलं. येऊ नगं असं कुठं म्हणलं?”

“गर्व करू नये माणसानं, आक्का.”

तेव्हा तू म्हणालीस, “त्या दिशी अंगणात तू गप बसली हुतीस. आता बी गप बस.”

आवाज चढवला नाहीस. रागही दिसला नाही. इतकी वर्षं तू ते मनात ठेवलं होतंस आणि एकदाच काढलंस. दुसऱ्या दिवशी नवरी आली, बरोबर चार बायका आल्या. थोरल्या बाई जीपमधून उतरल्या नाहीत. तू त्या मुलीला असा चुडा भरलास की रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. मला मात्र तुझं म्हणणं पटलं नव्हतं, आणि खरं सांगते, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मी असते तर गेले असते. तू म्हणाली असतीस, तू जाशीलच. हे आपलं भांडण अर्धंच राहिलं.

पण त्या वाक्यावर माझ्याकडं एक उत्तर होतं, आक्का. चुकलं माझं. दोन शब्द. मग रोज सकाळी तुझ्या हातचा चहा पिऊन शाळेत जात राहिले, आणि ते शब्द बोलायला मला चार वर्षं पुरली नाहीत. आता लिहिते आहे. चुकलं माझं.

तुला खरं रडताना मी एकदाच बघितलं. ऑपरेशननंतर आबा गेले तेव्हा, वडवणीला. आपण दोघी त्यांच्या पायाशी बसलो होतो. तू मोकळेपणानं रडलीस, गाल भिजले, नाक पदरानं पुसत राहिलीस. दिवस झाल्यावर परतताना एस्टीत तू माझ्याकडं बघून म्हणालीस, “सुशे, आबासाठी मी दोन्ही डोळ्यांनी रडले.” त्यात तुला केवढं समाधान होतं. इतकी वर्षं लोकांनी तुझं रडणं आधीच वाटून घेतलं होतं. बापासाठी तुला तुझं स्वतःचं रडता आलं.

तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. छातीत कळ आली म्हणून तू पाटावर बसलीस, दाजींनी पाणी दिलं. गाडी येईपर्यंतही तू थांबली नाहीस. मी धावत आले तोवर तुला ओसरीवर निजवलं होतं. तुझा चेहरा शांत होता आणि कोरडा. दोन्ही डोळ्यांच्या कडा कोरड्या. मी वाकून बघितलं. एवढ्यासाठीच की पुढं कुणी काही बोललं तर मला सांगता यावं.

आणि सांगायची वेळ आलीच. अकराव्या दिवशी दारात जीप थांबली. थोरल्या बाई आल्या, काठी टेकत. आता बऱ्याच थकल्या आहेत. बायकांनी सरकून जागा केली. बसल्या आणि नेहमीचं सुरू केलं, “लई सोसलं बाईनं. जन्मभर डोळ्याला पानी.”

मी चहाचे पेले गोळा करत होते. ते खाली ठेवले.

“रडत नव्हती ती,” मी म्हणाले. “तिच्या डोळ्याची नळी बंद हुती. नाकात जायचं पानी गालावर येत हुतं. तिनं हाड कापून घेतलं आन वाट पाडली. सात वर्षं डोळा कोरडा हुता तिचा. तुमच्या अंगणातनं तिला उठवलं तवा मी गप बसले. आज बसणार न्हाई. ह्या घरात तिला कुणी रडवलं न्हाई. तुमी उठवलं तवाबी ती रडली न्हाई.”

आत्या दारातून बघत होत्या. दाजींनी अकरा दिवसांत पहिल्यांदा मान वर केली आणि सगळ्या बायकांकडं सावकाश, एकेक करून बघितलं. कुणी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

बायका एकेक उठून गेल्या. थोरल्या बाई बसूनच राहिल्या. मला वाटलं, आता सुनावणार. सगळ्या गेल्यावर त्यांनी मला काठीनं जवळ बोलावलं. चेहऱ्यावरचा पदर बाजूला केला. उजवा डोळा लाल होता, कोपऱ्यात पाणी भरलेलं. नाकाच्या लगत लहानशी गाठ.

“साल झालं,” त्या म्हणाल्या. “घरात कुणाला सांगितलं न्हाई. सुना म्हणतात, म्हातारी नुसती रडत बसती.” मग काठी पुढं ओढून म्हणाल्या, “त्या अंबाजोगाईला कुठल्या दाराला जायचं?”

मी सांगितलं. एस्टी कुठली, डोळ्याचा विभाग कुठं, बुधवारी सकाळी लवकर रांगेत लागायचं. डॉक्टरांनी नुसती पिशवी काढू म्हटलं तर दुसरं ऑपरेशनही असतं हे विचारायचं, हेही सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि काठी टेकत गेल्या.

सोबत येते असं मात्र मी म्हणाले नाही. जीप दारातून हलली तरी म्हणाले नाही. तू काय केलं असतंस ते मला पक्कं ठाऊक आहे. आधी चार शब्द सुनावले असतेस आणि मग पायात चपला घातल्या असत्यास. माझ्याकडून अर्धंच झालं. चार शब्द सुनावून झाले. उरलेल्या अर्ध्यापाशी मी अडले आहे, आणि तुझ्याशी भांडायलाही तू इथं नाहीस.

रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. तारीख घातलेली नाही. आज सोमवार आहे.

तुझी,
सुशी